खुणेचा कान

आमच्या डोंगरात मेंढी मेली तर तिचा कान दाखवावा लागतो. लांडग्यानं खाल्ली, दरीत पडली, पोट फुगून मेली, काय वाटेल ते होऊ दे. मेंढक्यानं खुणेचा कान कापून ठेवायचा आणि थंडी लागल्यावर खाली उतरलं की मालकाच्या हातात द्यायचा. प्रत्येक घराची कानावरची खूण वेगळी. कुणाच्या मेंढीचा कान टोकाला छाटलेला, कुणाचा मधोमध चिरलेला, कुणाच्या कानाला भोक. मालक कान बघतो, आपली खूण ओळखतो, "नशीब तिचं," म्हणतो आणि विषय संपतो. कान नसला तर मेंढक्यानं आपली मेंढी भरून द्यायची. हे पणजोबांच्या आधीपासून चालत आलंय. त्यात कासिमाली लबाडी करील असं कुणी म्हटलं असतं, तर आम्ही म्हणणाऱ्याच्याच थोबाडीत दिली असती.

कासिमाली म्हणजे आमच्या गावाचा मेंढका. उन्हाळा लागला की अख्ख्या गावाच्या मेंढ्या घेऊन तो वरच्या कुरणांवर जायचा, नमद्याचा, म्हणजे थापलेल्या लोकरीचा, तंबू ठोकायचा आणि थंडीच्या तोंडावर कळप खाली आणायचा. त्याच्या मेहनतान्यावर त्या घराचं हिवाळ्याचं पीठ यायचं. बायको वारलेली. मुलगा मेदेर मॉस्कोत विटा रचायला गेलेला. घरात उरली सून, आनारकुल.

आमच्यात सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला पाठ दाखवायची नाही आणि त्याचा शब्द खोडायचा नाही. बऱ्याच पोरींना ही रीत गळ्यात अडकते. आनारकुलला कधी अडकली नाही, कारण मागच्या हिवाळ्यात सातव्या महिन्यातच तिच्या पोटात कळा सुरू झाल्या तेव्हा गाव बर्फात पुरलेलं होतं, आणि ह्या म्हाताऱ्यानं तिला घसरगाडीवर बांधून, घोड्याचा लगाम धरून, मांडीएवढ्या बर्फातून सडकेपर्यंत चालत नेलं होतं. बाळ राहिलं नाही. दवाखान्याच्या बाकावर कासिमाली टोपी तोंडावर धरून हमसून हमसून रडला. घरी आल्यावर ओढ्यावरचं पाणीसुद्धा तोच भरायचा. बायका हसायच्या, "सून झाली सासरा आणि सासरा झाला सून!" तो बादल्या खाली ठेवून म्हणायचा, "मग? तुमचा सासरा भरत नाही म्हणून पोटात दुखतंय होय?"

दारू त्यानं बायको मेल्यावर धरली होती आणि पुढं सोडली होती. सोडली होती म्हणजे तो तसं सांगायचा आणि आम्ही मान डोलवायचो.

त्या वर्षी कळप वर निघाला तेव्हा विधवा कालिपाआपा आपली एकुलती एक पांढरी मेंढी घेऊन आली. सोबत पिलू. मेहनताना म्हणून तिनं लोकरीचे मोजे विणून आणले होते. ते आनारकुलच्या हातात कोंबत म्हणाली, "म्हाताऱ्याला नाही, तुला सांगते. माझं दूध, माझं दही, माझी लोकर, जे काय आहे ते हे एवढंच. नजर ठेव गं बाई."

"ठेवते, आपा."

"डोळे फुटेस्तोवर ठेव."

वर गेल्यावर पहिले काही दिवस बरे गेले. गवत ओलं होतं, घोड्या भरपूर दूध देत होत्या. आनारकुल पहाटे उठून दूध काढायची, चामड्याच्या पिशवीत घोडीच्या दुधाचा आंबवलेला कुमिस घुसळायची, दह्याचे गोळे वाळत घालायची, दुपारी गोवऱ्या थापायची. मग लांडगा आला. खराखुरा. कासिमाली अनवाणी बंदूक घेऊन त्याच्यामागं उताराला लागला, पाय रक्तबंबाळ करून घेतले, पण एक मेंढी गेलीच. तिचा कान त्यानं आणला तेव्हा तो चावून चोथा झालेला होता. आनारकुलनं त्यात दोरा ओवून तो तंबूच्या आतल्या काठ्यांच्या जाळीला टांगला. लांडगा खरा होता आणि त्याला आनारकुलनंही पाहिलं होतं. पुढं जे झालं त्याला आडोसा मिळाला तो ह्याच लांडग्याचा.

फिरत्या दुकानाचा सादिर आपल्या खटारा जीपमधून कुरणावर यायचा. साय आणि लोकर न्यायचा, चहा, साखर, काड्यापेट्या द्यायचा. पोत्यांखाली त्याच्याकडं आणखी काय असायचं ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तो आला की कासिमालीला जीपमागं काहीतरी काम निघायचं.

एक दिवस गोवऱ्यांच्या ढिगात आनारकुलच्या हाताला बाटली लागली. अर्धी. आता गोवऱ्या रोज कोण उचलतं? सूनच ना? पण दारू प्यायलेल्या माणसाला वाटतं, आपण डोळे मिटले की जग आंधळं झालं.

"बाबा, हे गोवऱ्यांत होतं."

"ते? ते घोडीचं औषध. खुराला जखम झालीय ना, त्यावर ओतायचं."

"कुठल्या घोडीच्या?"

"तांबडीच्या."

तांबडी समोरच उतारावर चारी पाय उधळत होती. आनारकुलनं तिच्याकडं पाहिलं, सासऱ्याकडं पाहिलं.

"बरं," ती म्हणाली आणि बाटली त्याच्या हातात दिली.

मेदेरचा फोन लागायचा तो एका टेकाडावरच, तोही वारा नसला तर. "बाबा कसे आहेत? पीत तर नाहीत ना?" त्यानं विचारलं.

"कुमिस पितात. दुसरं काय मिळतंय इथं?"

ती खाली उतरली तेव्हा टेकाडाच्या पोटाला घोड्याचा लगाम धरून कासिमाली उभा होता. सगळं ऐकलेलं दिसत होतं. "बरं बोललीस पोरी," तो म्हणाला. "उगाच परमुलखात त्याच्या जीवाला घोर नको." आणि तिला घोड्यावर बसवून स्वतः पायी चालला.

कुरणाचं गवत पिवळं पडायला लागलं तेव्हा एका दुपारी तो कळपाकडून एकटाच आला. हातात रुमालात गुंडाळलेला कान.

"कालिपाची पांढरी," तो खाली बसत म्हणाला. "नेली. त्या खडकाआडून आला बघ, करडा, हा एवढा. मी पोचेस्तोवर आतडी बाहेर."

"बंदूक ऐकू नाही आली."

"ओली होती काडतुसं."

आनारकुलनं चहा ओतला. तो पीत नव्हता, तिच्याकडं बघत होता. मग त्यानं दस्तरखानावरच्या, जेवणासाठी अंथरलेल्या कापडावरच्या, नानवर पालथा पंजा ठेवला. "या अन्नाची शपथ. मी माझ्या डोळ्यांनी पाहिला."

आमच्यात नानवर हात ठेवून खोटं बोलणाऱ्याचे डोळे जातात. निदान आम्हाला लहानपणापासून तसं सांगितलेलं असतं. नानचा तुकडा जमिनीवर पडला तरी आम्ही उचलून कपाळाला लावतो.  आनारकुलनं मान खाली घातली.

तो झोपल्यावर तिनं रुमाल सोडला. कान तिच्या तळहातावर पडला, मऊ, वरच्या टोकाला कालिपाआपाच्या घराची दुहेरी चीर. आणि मुळाशी? मुळाशी नमदा कापावा तशी सरळ रेघ. तिनं जाळीवरचा चावलेला कान शेजारी धरून पाहिला, आणि मग पाहिला नसता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. तिनं दोरा ओवला, तोही टांगला, आणि कापलेली कड आतल्या बाजूला फिरवून ठेवली. कुणापासून लपवत होती ते तिचं तिलाच कळलं नाही. बाहेर पांढरीचं पिलू आईला हाका मारत एकेका मेंढीखाली तोंड घालत होतं आणि लाथा खात होतं.

पिलू तसंच ओरडत राहिलं. पुढं एका दुपारी गारा पडून गेल्या, आनारकुल दह्याचे भिजलेले गोळे वेचून पुन्हा वाळत घालत होती, तेवढ्यात पिलाचा आवाज बदलला. तिनं वर पाहिलं. खिंडीच्या बाजूनं एक पांढरी मेंढी लंगडत येत होती. उजव्या कानाच्या जागी काळी खपली, त्यावर माश्या. गळ्यात निळी नायलॉनची दोरी, चिखलातून फरफटत आलेली. पिलू धावत गेलं आणि आईच्या कासेला अशी धडक दिली की तिचे मागचे पाय जमिनीवरून उचलले गेले.

आनारकुल चाळण खाली ठेवून उठली.

कासिमाली तंबूतून डोळे चोळत बाहेर आला. मेंढी पाहिली.  आता काय बोलतो, म्हणून ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. वाटलं, आता बसेल, टोपी तोंडावर धरेल, म्हणेल की चुकलं पोरी. तेवढं म्हणाला असता तरी तिनं सगळं गिळलं असतं.

त्यानं दोन्ही मांड्यांवर थापा मारल्या. "बघितलंस? बघितलंस का गं! निसटली! लांडग्याच्या जबड्यातून निसटली माझी पांढरी!"

धावत जाऊन त्यानं मेंढीला मिठी मारली. डोळ्यांत पाणी होतं, आणि सांगायची लाज वाटते, ते पाणी खरं होतं. मिठी मारता मारता त्याच्या बोटांनी दोरीची गाठ सोडवली आणि दोरी बाहीत सरकवली.

"तुम्ही म्हणाला होता, आतडी बाहेर आली होती," आनारकुल म्हणाली. एवढं बोलायलासुद्धा तिला जन्माचं बळ लागलं.

"दुसऱ्या कशाची असतील. धांदलीत माणसाला काय दिसतं! जनावराचं दैव बघ किती बलवत्तर. हो की नाही?"

"हो, बाबा."

दुसऱ्या दिवशी जीपचा आवाज दरीतून वर यायला लागला. कासिमालीनं कान टवकारले, घोड्यावर मांड टाकली आणि "आज कळप पलीकडं नेतो, तिकडं गवत चांगलंय," म्हणून खिंड ओलांडून गेला. नवल म्हणजे पांढरीला आणि पिलाला तंबूपाशीच विसरला.

सादिर उतरला. "वहिनी, माझी मेंढी आलीय का इकडं? एका कानाची. हो, हीच बघा."

"ही कालिपाआपाची आहे."

"होती. तुमच्या सासऱ्यानं दिली. मी काय पळवून नेली? माल पिऊन बसलाय तो तिच्यावर." तो जीपला टेकून सूर्यफुलाच्या बिया फोडायला लागला. "मी चांगला माणूस आहे, म्हणून तुमच्याशी बोलतोय. गावात जाऊन बोललो असतो तर?"

 आनारकुल तंबूच्या मागं गेली. तिथं तिची काळी बांधलेली होती. लग्नात आईनं दिलेल्या मेंढीची ही लेक, यंदा पहिल्यांदा विणार होती. सासऱ्याच्या अंथरुणाखाली तिनं हात घातला, निळी दोरी तिथंच होती. तीच काळीच्या गळ्यात बांधून तिनं ती सादिरच्या हातात दिली.

"आयला, दोरी पण जपून ठेवलीय की!" तो खो खो हसला.

"एक ऐका. यापुढं बाबांना देऊ नका. तुमच्या पाया पडते."

"मी नाही दिली तर दुसरा देईल. आणि वहिनी, खरं सांगू? मीच कधीकधी नको म्हणतो. पण तो म्हणतो, माझ्यासाठी नाही रे, सुनेसाठी. बाळ गेल्यापासून तिची कंबर धरलीय, रात्र रात्र कण्हते, चोळायला लागते. आता अशा वेळी नाही कसं म्हणायचं?"

आनारकुल गोवऱ्यांच्या ढिगावर बसली. जीप गेली, धूळ बसली, चूल विझली, ती बसूनच होती. मेंढी गेल्याचं तिला काही नव्हतं. आपलं बाळ या माणसानं बर्फातल्या जमिनीत स्वतःच्या हातांनी पुरलं होतं, कुदळ उडत होती तरी कुणाला हात लावू दिला नव्हता, आणि तेच बाळ त्यानं सादिरच्या जीपमागं उभं राहून दर वेळी पुन्हा उकरून दाखवलं होतं. तिला रडावंसं वाटलं. रडू आलं नाही.

उन्हं उतरताना कासिमाली परतला. घोडा बांधता बांधता त्याची नजर तंबूमागं गेली.

"काळी कुठाय?"

"लांडग्यानं नेली, बाबा."

 ती चुलीत फुंकर घालत होती.

"दिवसाउजेडी?"

"हो. दिवसाउजेडी आला."

"आणि... कान?"

"कान नाही मिळाला."

 म्हातारा तिथंच मातीत बसला, आणि मग टोपी काढून तोंडावर धरली. खोगिराच्या गादीतून, कुमिसच्या पिशवीमागून, अजून कुठून कुठून त्यानं बाटल्या आणल्या आणि तिच्यासमोर गवतावर ओतल्या. "मेलेल्या बायकोची आण, मेदेरची आण, तुझी आण," करत नान आणून त्यावर हात ठेवला. "बास. संपलं. मला माफ कर पोरी, मी जनावर झालो." तीही रडली. सासऱ्याला पाठ करायची नाही ही रीत त्या दिवशी तिनं मोडली, कारण रडून रडून तोंड दाखवण्यासारखं राहिलं नव्हतं.

आणि खरंच, त्यानं सोडली. पहाटे उठायला लागला, जाळीच्या तुटलेल्या काठ्या बांधल्या, पांढरीच्या कानाला राख आणि चरबी लावून जखम भरून आणली, दूध काढताना गाणी म्हणायला लागला. आनारकुलचं जेवण वाढलं. तिनं टेकाडावर जाऊन मेदेरला स्वतःहून सांगितलं, "बाबा अगदी छान आहेत," आणि पहिल्यांदाच ते सांगताना तिचा आवाज हलला नाही.

मग एक दिवस तो कळपाकडून आला तो तोंडात जंगली लसूण चघळत.

"यंदा लसूण फार फोफावलाय," तो म्हणाला.

"हो, बाबा."

दुसऱ्या दिवशीही लसूण, तिसऱ्या दिवशीही. तिनं काही विचारलं नाही. कंबर मात्र तिची खरोखरच दुखायला लागली.

थंडी लागली, कळप खाली आला. ओढ्याच्या काठावर अख्खं गाव जमलं. ज्यानं त्यानं आपापल्या मेंढ्या ओळखून बाजूला ओढायच्या, धूळ, भुंकणं, हाकाटी, पोरांचा दंगा. चावलेल्या कानाचा मालक कान बघून "नशीब" म्हणाला आणि गेला. मग कालिपाआपानं पांढरीला पकडलं.

"हिचा कान कुठाय?"

मागून कुणीतरी ओरडलं, "कासिमाली, मेंढी द्यायची आणि कान ठेवायचा अशी नवीन रीत काढलीस काय?" लोक हसले.

कासिमालीनं टोपी मागं सरकवली आणि गोष्ट सांगायला लागला. लांडगा कुरणावर होता त्याच्या दुप्पट झाला होता. बंदूक धडाधड वाजत होती. पांढरीचा कान लांडग्याच्या दातांत राहिला आणि त्यानं तो गिळला, हेही त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. सांगता सांगता रंगात आला. पण कालिपाआपा गोष्ट ऐकतच नव्हती. ती खपली गेलेल्या जागेवरून अंगठा फिरवत होती. जन्मभर नमदे कापलेली बाई ती.

"कुंपणच शेत खायला लागलं तर सांगायचं कुणाला?" ती म्हणाली. हसू थांबलं.

गावाचे तंटे सोडवणारा म्हातारा सातार पुढं आला. "कालिपा, तोंड सांभाळून. कासिमालीचं खोटं असेल तर पुढच्या उन्हाळ्याला कळप खालच्या आळीच्या माणसाला देऊ. त्याचं खरं असेल तर तू माफी माग. कोणी पाहिलंय?"

"मी हिला विचारते." कालिपाआपानं आपल्या पुरचुंडीतून नान काढला, त्याचा तुकडा मोडला आणि आनारकुलच्या हातात ठेवला. "तू सांग, बाई. तू म्हणशील ते मी मानीन. लांडगा होता?"

आनारकुलच्या उजव्या हातात नान होता. डावा हात खिशात होता, आणि त्या खिशात वाळून कडक झालेला, दुहेरी चिरीचा, सरळ कापलेला कान होता. कुरण सोडताना तिनंच तो जाळीवरून काढला होता. फेकायचं धाडस झालं नव्हतं. नुसती मूठ बाहेर काढून उघडली असती तर काम झालं असतं. कालिपाआपाला तिचं खरं मिळालं असतं. मग कळप गेला असता, हिवाळ्याचं पीठ गेलं असतं, आणि भर ओढ्यावर, पोरासोरांसमोर, हा माणूस चोर ठरला असता.

तिनं सासऱ्याकडं पाहिलं. तो डोळे वटारत नव्हता, खुणावत नव्हता. दवाखान्यात डॉक्टर बाहेर आला तेव्हा त्याच्याकडं जसा बघत होता, तसा तो तिच्याकडं बघत होता.

"लांडगाच होता, आपा," ती म्हणाली. "मी पाहिला."

शपथेचा नान शपथ घेणाऱ्यानं खायचा असतो. तिनं तुकडा तोंडात घातला. तो घशाखाली जाईना. तिनं ओढ्यावर वाकून ओंजळभर पाणी प्यायलं, तेव्हा गेला.

"सुनेनं नान धरला, विषय संपला," सातारबाबा म्हणाला. "पुढच्या वर्षी कळप कासिमालीकडंच. कालिपा, माफी माग."

कालिपाआपानं माफी मागितली. डोक्याचा रुमाल सोडून तिनं पांढरीच्या गळ्यात बांधला. जाताना आनारकुलपाशी थांबली आणि हळूच म्हणाली, "माझी मात्र मी दारात बांधीन. आणि ते मोजे घाल हो, थंडी पडलीय." बोलणं रागाचं असतं तर बरं झालं असतं.

लोक कासिमालीच्या पाठीवर थापा मारत होते. तो सगळ्यांना सांगत होता, "माझ्या सुनेला विचारा! माझी सून मेली तरी खोटं बोलायची नाही!" मग त्याला पलीकडच्या आळीत काहीतरी काम निघालं.

तो घरी आला तेव्हा चहा उकळला होता. वास मारायला लसणाचीसुद्धा तसदी त्यानं घेतली नव्हती. डोळे तांबडे, चेहरा समाधानी. तो मांडी घालून बसला.

"बघितलंस पोरी? मी म्हणत होतो ना, खरं कधी लपत नाही. कालिपाला मागावी लागली की नाही माफी?"

आनारकुलनं वाटीत चहा ओतला. तो तिच्याकडं बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान ओघळलं. 

"हे आज शेवटचं," तो म्हणाला. "तुझ्यासाठी. आजपासून शिवायचीसुद्धा नाही. आण, आण तो नान इकडं."

त्यानं हात पुढं केला. आनारकुलनं दस्तरखानाचं टोक धरलं आणि नानसकट तो आपल्याकडं ओढून घेतला. सासऱ्यासमोरून सुनेनं नान ओढून घेतला असं आमच्या गावात कुणी कधी ऐकलेलं नाही.

"चहा घ्या, बाबा," ती म्हणाली. "नान राहू द्या."

त्याचा हात थोडा वेळ तसाच पुढं राहिला. मग त्यानं त्याच हातानं वाटी उचलली. वाटी कापत होती, चहा सांडायला लागला, म्हणून तिनं खालून आपला हात लावला आणि ती त्याच्या तोंडापर्यंत नेली.